शोकेसमध्ये फिरलेलं इंजिन कसं ओळखायचं

आमचं मोटार वायंडिंगचं दुकान कोल्हापूरच्या उद्यमनगरात. शेतातले पंप, पिठाच्या चक्क्या, मिक्सर, हातड्रिल, जे जळून येतं ते आम्ही उघडतो. मी 18व्या वर्षापासून आर्मेचर भरते, आता 53 पूर्ण झाली. बोलताना मी इथल्या चारचौघींसारखीच ‘मी आलो, मी गेलो’ म्हणते. लिहायला बसलं की प्राथमिक शाळेतल्या बाईंची छडी आठवते, म्हणून ‘आले, गेले’.

रेल्वेचा नाद मूळचा आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. त्यांचा जन्म 1946चा, गाव रुकडी. कोल्हापूरहून पंचगंगेचा पूल ओलांडून येणारी गाडी त्यांनी लहानपणी रोज बघितली. तेव्हा हा मार्ग मीटरगेज होता. 1891 साली सुरू झालेला कोल्हापूर-मिरज मार्ग 1971 साली ब्रॉडगेज झाला, आणि आबा अजून म्हणतात, “मोठी गाडी आली आणि मजा गेली.” 2021 साली त्यांना 75 वर्षं पूर्ण झाली, तेव्हा मी त्यांना मॉडेल रेल्वेतलं, म्हणजे विजेच्या मोटारीवर धावणाऱ्या छोट्या प्रतिकृतींतलं, एचओ मापाचं एक डिझेल इंजिन, तीन डबे आणि रुळांचा एक गोल घेऊन दिला. एकट्या इंजिनाचे 14,500 रुपये. दुकान मुंबईतलं, नाव लिहीत नाही. बिलावर ‘न्यू’ असं छापलेलं होतं. इंजिन नवं नव्हतं.

कळलं कसं? तर ते फार छान चाललं.

घरातले सगळे टाळ्या वाजवत होते आणि मला मात्र खटकत होतं. मोटारीचा कार्बन, म्हणजे तिच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारा ब्रश, नवा असतो तेव्हा त्याचं तोंड बहुतेक वेळा सपाट असतं आणि तो ज्यावर घासतो तो फिरता कम्युटेटर गोल. थोडा वेळ चालल्यावर कार्बन घासून त्या गोलाईला बसतो. तोपर्यंत मोटार जरा अडखळते, आवाज किंचित खरखरीत येतो, हळू वेगाला धक्के देते. म्हणून तर मॉडेल बनवणाऱ्या कंपन्या सांगतात की नवं इंजिन आधी मध्यम वेगात, दोन्ही दिशांना अर्धा-अर्धा तास मोकळं फिरवा. आमच्या भाषेत याला ‘कार्बन बसवणं’ म्हणतात. हे इंजिन डब्यातून निघालं आणि पहिल्याच मिनिटाला तुपासारखं सुरू झालं. शिवाय पुढे जाताना तूप आणि मागे घेतलं की कुरकुर. पंपाची मोटार असती तर मी गिऱ्हाइकाला लगेच विचारलं असतं, किती वर्षं वापरलीय?

रात्री आबा झोपल्यावर मी ब्रशच्या टोप्या उघडल्या. कार्बन चांगला खोलगट बसलेला, आणि कम्युटेटरच्या खाचांत काळी पूड भरलेली. तिसऱ्या दिवशी दुकानदाराला फोन केला. तो काय म्हणाला ते पुढे सांगते. त्यानंतरच्या वर्षांत ओळखीपाळखीच्या बऱ्याच लोकांची इंजिनं माझ्या टेबलावर येऊन गेली, कुणाची घेण्याआधी, कुणाची फसल्यावर. त्यातून जमलेली ही माहिती.

दुकानदार असं का करतो

आधी त्याची बाजू. हौसेच्या दुकानात चालती गाडी ठेवावीच लागते. बंद डबा बघून कुणी पंधरा हजार काढत नाही. म्हणून काचेत एक गोल लावतात, त्यावर एक गाडी सकाळपासून रात्रीपर्यंत फिरते. माल परदेशातून येतो. खेळणी आणि मापातली मॉडेलं यांच्यावरची आयात जकात 2020 साली 20 टक्क्यांवरून 60 टक्क्यांवर गेली, 2023च्या बजेटमध्ये ती 70 टक्के झाली. इतक्या महाग मालातला एक नग कायमचा शोकेसला द्यायचा म्हणजे दुकानदाराच्या पोटात गोळा येणारच. मग चार-सहा महिन्यांनी ते इंजिन पुसून, तेल घालून परत डब्यात जातं आणि शोकेसला दुसरं येतं.

यात वाईट फक्त एकच गोष्ट आहे, ती म्हणजे न सांगणं. चालवलेलं इंजिन खराबच असतं असं मुळीच नाही. नीट तेलपाणी केलेलं, कार्बन बसलेलं इंजिन कधी कधी नव्यापेक्षा गोड चालतं. चप्पल लाईनला दर्शनी टांगलेला जोड उन्हानं एका बाजूला फिका पडतो, आणि चांगला दुकानदार तो हातात देताना स्वतःच म्हणतो, “बाहेर लावलेला आहे ताई, दोनशे कमी द्या.” तसं म्हटलं की विषय मिटला. मी तसली इंजिनं मुद्दाम शोधून घेते.

आता थोडा हिशेब, म्हणजे ‘थोडंसंच चाललंय हो’ याचा खरा अर्थ कळेल. एचओ म्हणजे खऱ्याच्या 87 पट लहान. काचेतली गाडी खऱ्या 60 किलोमीटर वेगासारखी दिसावी म्हणून चालवली, तर ती तासाला साधारण 690 मीटर जाते. दिवसाला 8 तास धरले तर साडेपाच किलोमीटर. महिन्याचे 25 दिवस धरले तर 138 किलोमीटर, म्हणजे इथून निघून सातारा मागे टाकला. 12 मिलिमीटर व्यासाच्या चाकाचे एवढ्या प्रवासात 36 लाखांवर फेरे होतात, आणि मोटारीचे त्याच्या कित्येक पट. हा फक्त एका महिन्याचा हिशेब.

चाकं उलटी करून बघा

सोबत काय न्यायचं? गुजरीत सराफी सामान मिळतं तिथून 10 पट दाखवणारं भिंग घ्या, 200-250 रुपयांत येतं. कान साफ करायच्या कापसाच्या चार काड्या, मोबाइलचा टॉर्च आणि इंजिन उलटं ठेवायला एक मऊ फडकं. एवढंच. आणि दुकानदाराला विचारल्याशिवाय त्याच्या मालाला हात लावायचा नाही. सरळ सांगायचं, “मी जरा खालून बघणार आहे.” ज्याचा माल स्वच्छ आहे तो स्वतःच फडकं पसरून देतो.

चाकाचा रुळावर टेकणारा पट्टा बघा. वापरलेल्या चाकावर तिथे काळपट, चिकट रेघ जमते. तेल, धूळ आणि धातूची झीज यांचं ते मिश्रण. कापसाची काडी त्यावरून एकदा फिरवली की काडी बोलते. पण घाई करू नका. कारखान्यात बऱ्याच कंपन्या प्रत्येक इंजिन थोडं चालवून बघतात, त्यामुळे नव्या इंजिनाच्या चाकावरही एखादी अगदी पुसट रेघ असू शकते. ती बारीक असते, सगळ्या चाकांवर सारखी असते, काडीला जेमतेम करडा रंग लागतो. डिस्प्लेच्या इंजिनाची रेघ रुंद असते. आणि दुकानदारानं चाकं पुसून चकाचक केली असली तर उलट संशय घ्या. काळं केलेलं चाक असेल तर पट्ट्यावरचा काळा मुलामा उडून पितळेचा पिवळा किंवा निकेलचा पांढरा रंग वर आलेला असतो. काजळी पुसता येते, उडालेला मुलामा परत बसवता येत नाही.

यापुढची खूण सगळ्यात पक्की, आणि ती मला कुणी सांगितली नव्हती. शोकेसमधली गाडी नेहमी एकाच दिशेनं फिरते. कोण कशाला रोज दिशा बदलत बसतोय? त्यामुळे तिची झीज एकतर्फी असते.

समजा गाडी घड्याळाच्या उलट दिशेनं फिरत होती. मग सगळी वळणं डावीकडची. बाहेरचा रूळ कायम उजव्या हाताला. पुढच्या आसाचं उजवं चाक त्या रुळाला आतून घासत राहतं, आणि त्याची कड, म्हणजे फ्लँज, चकाकते. समोरच्या डाव्या चाकाची कड मात्र अजून काळी असते. भिंगातून दोन्ही चाकं शेजारी शेजारी बघितली की फरक डोळ्यात भरतो. त्यात डब्यातल्या सेटचं वळण फार अरुंद असतं. खऱ्या ब्रॉडगेजवरचं सगळ्यात तीव्र वळण 175 मीटर त्रिज्येचं धरतात. 87 नं भागलं तर 2 मीटर होतात. सेटमधल्या रुळांची त्रिज्या साधारण 360 ते 440 मिलिमीटर. एवढ्याशा गोलात महिनोन् महिने फिरल्यावर चाकाची कड घासणार नाही तर काय होणार?

हाच प्रकार गिअरचा. गिअरचा दात एकाच दिशेला फिरताना एकाच अंगानं जोर लावतो. ज्या इंजिनाच्या बोगीचं, म्हणजे चाकं बसवलेल्या सांगाड्याचं, खालचं झाकण चिमट्यानं निघतं, त्यात दाताची एक बाजू गुळगुळीत चमकते आणि दुसरी कारखान्यातून आली तशी मंद दिसते. मोटारीच्या शाफ्टवरचा वर्म, म्हणजे स्क्रूसारखा गिअर, तोसुद्धा एका टोकाला दाबला जातो, तिथे प्ले, म्हणजे ढिलेपणा, येतो. म्हणून माझं इंजिन पुढे तूप आणि मागे कुरकुर करत होतं. मागे घेतलं की दात न घासलेल्या अंगावर यायचे.

घरी करून बघायची ही चाचणी दुकानातही करता येते. ट्रॅकवर इंजिन ठेवायला सांगा, अगदी हळू वेगात पुढे, मग तितक्याच वेगात मागे. आवाज दोन्हीकडे जवळपास सारखा हवा. नव्या इंजिनात थोडी खरखर असली तर ती दोन्हीकडे असते. हातानं ढकलून चाकं फिरवायला मात्र जाऊ नका. वर्म गिअर चाकाच्या बाजूनं फिरत नाही, जोर लावाल तर दात मोडेल आणि मग ते इंजिन तुमचंच.

बाकीच्या खुणा

रबरी टायर बघा. ओढायची ताकद वाढावी म्हणून काही चाकांवर रबराची बारीक कडी चढवलेली असते. नवी कडी मंद काळी आणि मऊ, फिरलेली कडी तुळतुळीत, कडक, कधी सैल पडून वर आलेली. चाकांच्या आतल्या बाजूला वीज घेणाऱ्या तांब्या-पितळेच्या पातळ पट्ट्या घासतात. तिथे चाकाच्या पाठीवर गोल चमकदार रेघ आणि पट्टीवर घासल्याची खूण दिसते. मार्क्लिन कंपनीची तीन रुळांच्या पद्धतीची इंजिनं असतील तर खाली एक लांब पट्टी असते, ती रुळांमधल्या खिळ्यांवरून घसरत जाते. ती पट्टी उलटी करून बघितली की दुसरं काही बघायची गरज पडत नाही. फिरलेल्या पट्टीवर मधोमध घासल्याचा चकचकीत पट्टा पडलेला असतो.

आसाभोवती गुंडाळलेला केस किंवा सतरंजीचा धागा दिसला तर प्रश्नच मिटला. कारखान्यात मांजर नसतं.

तेलाचं बघा. कारखाना थेंब मोजून तेल घालतो. पुसून डब्यात परत टाकलेल्या इंजिनाला दुकानदार घाबरून भरपूर तेल देतो, आणि ते चेसिसवर पसरलेलं दिसतं, कधी डब्यातल्या फोमवर डाग पडतो. उलट बाजूही सांगते. वर्षानुवर्षं न विकला गेलेला, पण खरोखर कोरा माल असतो. त्यातलं ग्रीस घट्ट मेणासारखं झालेलं असतं आणि इंजिन सुरुवातीला हलतच नाही. ते जुनं आहे, पण चालवलेलं नाही. दोन्हींत गल्लत करून चांगल्या दुकानदारावर आळ घेऊ नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात डब्यातल्या पातळ कागदावर तपकिरी ठिपकेही येतात, तेही चालवल्याची खूण नाहीत.

रंग. काचेत उभ्या असलेल्या गाडीची एक बाजू रस्त्याकडे, म्हणजे उन्हाकडे. डावी-उजवी दोन्ही अंगं दिवसाच्या उजेडात, ट्यूबखाली नव्हे, शेजारी धरून बघा. लाल रंग आधी उडतो, पांढरा पिवळा पडतो. फिरत्या इंजिनापेक्षा ही खूण डब्यांमध्ये जास्त सापडते, कारण जादा डबे नुसतेच बाजूच्या रुळावर उभे असतात. छपरावरच्या पंख्याच्या जाळीत टॉर्च मारा. वरची धूळ पुसता येते, जाळीतली राहते.

आता डबा. म्हणजे खोका. चांगल्या इंजिनाबरोबर एक छोटी पिशवी येते, त्यात ब्रेकचे पाइप, दांडे, आरसे, डबे जोडायचे जास्तीचे कपलिंग असं काहीबाही असतं, आणि ती पिशवी सीलबंद असते. फोडलेली असेल, किंवा त्यातले भाग आधीच इंजिनावर चिकटवलेले असतील, तर कुणीतरी ते सजवून ठेवलं होतं. इंजिनाभोवती गुंडाळलेल्या पातळ प्लास्टिकला कारखान्याची एक ठरलेली घडी असते. एकदा उघडलं की ती घडी परत तशी बसत नाही, दिवाळीच्या साडीची बसत नाही तशीच. काही इंजिनं प्रवासात हलू नयेत म्हणून खालून स्क्रूनं पट्टीला आवळलेली असतात. त्या स्क्रूच्या खाचेत पेचकसाचे ओरखडे आहेत का बघा. कपलिंगचं टोक घासून पॉलिश झालंय का बघा. आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता आणि एमआरपी असलेलं लेबल डब्यावर असायलाच हवं. ते एकावर एक दोनदा चिकटवलेलं असेल तर विचारा का.

डिजिटल इंजिन घेत असाल तर एक सोपी युक्ती. डीसीसी म्हणजे रुळांतून डिजिटल संदेश पाठवून गाडी चालवायची पद्धत, आणि डिकोडर म्हणजे ते संदेश वाचणारी इंजिनातली चिप. डिकोडरचा पत्ता कारखान्यातून 3 असा येतो. दुकानाच्या कंट्रोलरवर सीव्ही 1, म्हणजे या पत्त्याची नोंद, वाचायला सांगा. तिथे 3 सोडून दुसरा आकडा आला तर कुणीतरी ते आपल्या सोयीनं बदललंय. 3 आला म्हणून निर्धास्त होऊ नका, रीसेट करायला एक मिनिट लागतं.

स्टार्टर सेटचं लिहायचं राहिलंच, आणि नवीन माणूस सहसा तोच घेतो. त्यात इंजिनापेक्षा रूळ आणि वायर खरं बोलतात. रूळ जोडायच्या छोट्या पत्र्याच्या पट्ट्या एकदा-दोनदा लावून काढल्या की सैल होतात. दोन रूळ हातानं जोडून बघा, नवे असतील तर जरा जोर लावावा लागतो. रुळाच्या डोक्यावर काळी रेघ नको. कंट्रोलरची वायर कारखान्यात घडी घालून तारेनं बांधलेली असते, त्या घडीचे वळसे वायरला लागलेले असतात. वायर सरळ, गुळगुळीत आणि रबरबँडनं बांधलेली दिसली तर कंट्रोलर कुठेतरी टेबलावर राबलाय.

मागवून घेताना

कोल्हापुरात बसून यातला बहुतेक माल मुंबई, पुणे, बंगळूरहून कुरिअरनंच येतो. म्हणजे भिंग खिशात असून उपयोग नाही. इथे शब्द कामाला येतात.

पैसे पाठवण्याआधी व्हॉट्सअॅपवर एक वाक्य लिहा: “हा नग दुकानातल्या ट्रॅकवर किंवा शोकेसमध्ये कधी चालवला किंवा ठेवला आहे का?” फोनवर नाही, लिहूनच. उत्तर ‘सीलबंद आहे’ असं आलं तर ते उत्तर नव्हे. पुन्हा विचारा, हो की नाही. मग चार फोटो मागा: इंजिन उलटं करून चाकांचा जवळून, भागांच्या पिशवीचा, दोन्ही बाजूंचा एकत्र आणि डब्यावरच्या लेबलचा. प्रामाणिक दुकानदार वैतागतो पण पाठवतो. पार्सल आलं की फोडताना सुरुवातीपासून सलग व्हिडिओ घ्या, मध्ये न थांबवता, आणि इंजिन ट्रॅकवर ठेवण्याआधी चाकं कॅमेऱ्यासमोर धरा. आधी चालवलंत आणि मग फोटो काढलेत, तर ती काजळी तुमची की त्याची हे कोण सांगणार? मी नेमकी तीच चूक केली होती. तीन दिवस चालवून मग फोन.

बिलावर ‘नवीन’ असा शब्द लिहून घ्या. डिस्प्लेचा नग स्वस्तात घेत असाल तर ‘डिस्प्ले’ हा शब्दही तितकाच लिहून घ्या आणि त्याची वॉरंटी काय तेही. भाव किती कमी हवा? माझा अंदाज सांगते, नियम नव्हे. फक्त उभं राहिलेलं, न फिरलेलं, रंग शाबूत असेल तर 10 टक्के. फिरलेलं पण झीज किरकोळ असेल तर 25 ते 30. चाकाचा मुलामा उडालाय, प्ले आलाय, तर अर्ध्याच्या वर मी देत नाही, आणि तेसुद्धा गिअर आणि कार्बन सुटे मिळतात याची खात्री करून.

फसलात तर

आधी बोला. ओरडू नका, फोटो पाठवा. माझ्या दुकानदाराचं पहिलं वाक्य होतं, “मॅडम, कंपनीत टेस्ट करतात ना सगळी इंजिनं.” मी म्हटलं, करतात. मग त्याला चार फोटो पाठवले: बसलेला कार्बन, काळी पूड, चकाकलेली एक कड आणि न चकाकलेली दुसरी. आणि लिहिलं, ‘कंपनी टेस्ट करताना गाडी एका बाजूलाच वळवते का?’ दोन तास निळ्या खुणा नुसत्या दिसत राहिल्या. मग फोन आला, आणि आवाज बराच मऊ होता.

तेव्हा मला कायदा माहीत नव्हता, आता आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019मध्ये अनुचित व्यापारी प्रथेची व्याख्या आहे, कलम 2(47). पुन्हा बांधलेला, वापरलेला, दुरुस्त केलेला किंवा जुना माल नवा म्हणून सांगणं हे त्यात अगदी स्पष्ट लिहिलंय. बिल न देणंही त्यातच येतं. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. तिथून नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. आपल्या सोयीची गोष्ट म्हणजे दुकान मुंबईत असलं तरी तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे कोल्हापुरातच. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत 2 वर्षांची. वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

पण 14,500 रुपयांच्या इंजिनासाठी आयोगाच्या पायऱ्या चढायच्या का, हे ज्यानं त्यानं ठरवावं. चढायची तयारी आहे एवढं समोरच्याला दिसलं तरी बऱ्याचदा काम होतं. आणि एक पथ्य पाळा. पुरावा पक्का नसताना चारचौघांत दुकानाचं नाव घेऊन बोंब मारू नका. आपल्याकडे असली दुकानं मोजकीच, चुकीचा आळ घेऊन एखादं बंद पडलं तर तोटा आपलाच. कारखान्याची पुसट रेघ बघून भांडायला उठलेले दोघेजण मीच शांत केलेत.

पुण्याला कधी गेलात तर कोथरूडमधलं जोशी यांचं लघुरेल्वे संग्रहालय बघा, 1998 पासून लोकांसाठी खुलं आहे. तिथे गाड्या माणसांना दाखवण्यासाठीच चालतात. चालत्या इंजिनाचं तेलपाणी, रूळ पुसणं, चाकं पुसणं याला किती मेहनत पडते हे तिथे उभं राहिलं की समजतं. आबांना घेऊन गेले होते. खेळ संपल्यावरही ते काचेला नाक लावून उभे, आणि चौकशी मीटरगेजची. एचओ मापात मीटरगेजसाठी 12 मिलिमीटरचा रूळ येतो आणि त्याला एचओएम म्हणतात, हे त्यांना तेव्हापासून पाठ आहे. ते आता त्यांच्या पुढच्या वाढदिवसाचं काम.

माझ्या दुकानदारानं शेवटी दोन पर्याय दिले. इंजिन परत पाठवा, दुसरं देतो. नाहीतर ठेवा, 4,000 रुपये परत करतो. मी परतच पाठवणार होते. पण तोवर आबांनी त्याचं नाव ‘महालक्ष्मी’ ठेवलं होतं, हळदकुंकू लावलं होतं आणि शेजारच्या पोरांना वेळापत्रक वाटलं होतं. 4,000 घेतले. नवे कार्बन मागवून बसवले, वर्मच्या टोकाला एक बारीक वॉशर टाकला, घासलेले आस चाकांसकट काढून उलटसुलट बसवले.

गिअर मात्र तेच ठेवलेत. आबांना दाताची एक बाजू घासलीय आणि दुसरी कोरी आहे, एवढं समजावून सांगितलं होतं. तेव्हापासून ‘महालक्ष्मी’ आमच्या माडीवर शोकेसच्या उलट दिशेनं फिरते. कुणी पोरानं कंट्रोलरचा बटण दुसरीकडे फिरवला की खालपर्यंत आवाज येतो, “अरे, तिकडून ती मुंबईवाल्यानं चालवलीय, आपली इकडून!”